दोन आइसबॉक्स आणि घरची ऑल-ग्रेन बिअर

सुरुवातीच्या चार बॅचेस मी एक्स्ट्रॅक्टवर केल्या, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) तयार पाक आणायचा, पाण्यात ढवळायचा, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) टाकून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. बिअर चांगली व्हायची, तक्रार काहीच नव्हती. पण दाण्यातून साखर काढायचं जे मुख्य काम, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असायचं आणि मला नेमकं तेच स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं.

मग पाचवी बॅच ऑल-ग्रेन केली, म्हणजे पाक न आणता थेट दाण्यापासून, तीही स्टीलच्या मोठ्या पातेल्यात, थेट शेगडीवर. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवायचं, यालाच मॅश म्हणतात. तासभर मी थर्मामीटर हातात घेऊन उभी. आच चालू केली की तळाशी ७४ अंश, वर ६२, ढवळलं की ६६, आच बंद केली की दहा मिनिटांत परत खाली. माल्टमध्ये दोन एन्झाइम्स असतात ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं. बीटा-अमायलेजला साधारण ६० ते ६५ अंश मानवतं आणि ते जी साखर करतं ती यीस्ट पूर्ण खातं. अल्फा-अमायलेज ६८ ते ७२ च्या आसपास जोरात असतं, ते स्टार्चची साखळी मधेच कुठेही तोडतं आणि जे मोठे तुकडे उरतात त्यांनी बिअरला अंग येतं. ६५ ते ६८ मध्ये दोघंही काम करतात, म्हणून बहुतेक बिअर त्याच पट्ट्यात मॅश होतात. ७० च्या वर गेलं की बीटा भराभर मरतं आणि एकदा मेलं की तापमान खाली आणून उपयोग नाही, ते परत येत नाही. म्हणजे माझ्या पातेल्यात तळाला एक बिअर शिजत होती आणि वर दुसरीच.

त्याच रात्री ठरवलं, आइसबॉक्स. कूलर म्हणतात त्याला, बर्फ ठेवायचा जाड भिंतींचा डबा. आतल्या आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या मधे फोम भरलेला असतो आणि जी भिंत बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही तीच आतली बाहेरही जाऊ देत नाही. म्हणजे आच नकोच, गरम पाणी आणि दाणा आत टाकायचा, झाकण लावायचं आणि तासभर हात लावायचा नाही.

आकाराचं आधी सांगते कारण इथे बरेच जण फार मोठा बॉक्स घेतात. २० लिटरच्या बॅचला मला साधारण ५ किलो माल्ट लागतं, किलोला २.७ लिटर धरलं तर १३.५ लिटर पाणी, आणि ओला दाणा किलोमागे पाऊण लिटरच्या आतच जागा खातो, म्हणजे मॅश १७ लिटरच्या आसपास. नंतर उरलेली साखर काढायला दाणा धुताना जास्तीत जास्त २५ लिटर. ३० लिटरचा बॉक्स पुरतो, मी ४० चा घेतला कारण कधीतरी जड बिअर करायची असेल तर दाणा वाढतो. त्याहून मोठा घेतला तर वर रिकामी हवा राहते, मॅशचा थर पातळ होतो आणि तापमान लवकर पडतं. एक ४० चा मॅशसाठी आणि एक २५ चा गरम पाण्यासाठी, असे दोन घेतले, दोघांनाही खाली बाजूला पाणी सोडायचं भोक आणि त्यात प्लास्टिकचं बूच होतं.

ते बूच काढून तिथे अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे नळ, बसवायचा, एवढंच काम. मला वाटलं तासाभरात होईल.

पहिली गोष्ट, अर्धा इंची पाइप हा अर्धा इंच नसतो. नाव अर्धा इंच, पण आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर २१ मिलिमीटर भरतो. माझं भोक त्याहून जरा लहान होतं, ते गोल कानशीने घासून मोठं केलं, ड्रिलने नाही, कारण ड्रिल पातळ प्लास्टिकमध्ये अडकून भिंत फाडतं असं भावाने सांगितलं. त्यात स्टीलचा निपल, म्हणजे आटे असलेला छोटा पाइप, घातला, आतून वॉशर आणि नट, बाहेरून वॉशर आणि व्हॉल्व्ह, आट्यांवर टेफ्लॉन टेप, आणि सिलिकॉनचा ओ-रिंग (गळती अडवणारी गोल कडी) बाहेरच्या बाजूला. थंड पाणी भरून अर्धा तास ठेवलं, बाहेर एक थेंब नाही. मी खूश.

ही माझी सगळ्यात मोठी चूक होती आणि ती कळायला पाच दिवस लागले. बिअर करून झाली, बॉक्स धुतला, पुसला, आणि पाचव्या दिवशी त्याच्या जवळ गेले तर आंबट वास. आत बघितलं तर लख्ख कोरडा. वास नळाच्या बाजूने येत होता. व्हॉल्व्ह काढला तर भिंतीच्या पोकळीतून चिकट, आंबलेलं पाणी ओघळलं. ओ-रिंग बाहेर असल्यामुळे बाहेर थेंब पडत नव्हता, पण आतल्या नटाच्या कडेने गोड वर्ट, म्हणजे दाण्यातून निघालेलं साखरेचं पाणी, दोन भिंतींच्या मधे शिरत होता आणि फोम तो पिऊन बसला होता. सील आतल्या बाजूला हवं, पातळ द्रव जिथे आहे तिथेच त्याला अडवायला हवं, हे आता लिहिताना इतकं उघड वाटतं. त्या भोकातून गरम पाण्याने कितीतरी वेळा धुतलं, मग बॉक्स तिरका करून दोन आठवडे वाळवत ठेवला तेव्हा कुठे वास गेला.

दुसऱ्या वेळी ओ-रिंग आत घातला आणि या खेपेला जोर लावून आवळायला घेतलं, तर भाऊ ओरडला, 'अगं ताई थांब, भिंत बघ!' आतलं प्लास्टिक बशीसारखं खोलगट होत चाललं होतं. मधे नुसता मऊ फोम आहे, तो दाबला जातो, मग भिंत वाकते, ओ-रिंगला सपाट जागा मिळत नाही आणि जितकं आवळावं तितकं जास्त गळतं. यावर त्यानेच तोड काढली. भोकात बसेल एवढ्या जाडीचा पाइपचा तुकडा, लांबी बरोबर भिंतीच्या जाडीएवढी, माझ्या बॉक्सला ३४ मिलिमीटर, तो भिंतीच्या आत सरकवायचा आणि निपल त्यातून घालायचा. भोक त्या तुकड्याच्या मापाचं करावं लागलं, पण वॉशर मोठे घेतल्यामुळे झाकलं गेलं. आता नट आवळला की जोर त्या तुकड्यावर येतो, भिंत जागची हलत नाही. ज्यांना कुणाला गळतीचा त्रास आहे त्यांनी आणखी सिलिकॉन फासायच्या आधी हा तुकडा घालून बघा, खरंच सांगते.

आणि तपासायची पद्धतही बदलली. बॉक्सात ७० अंशाचं पाणी भरायचं, गरमच, कारण प्लास्टिक गरम झालं की फुगतं आणि थंड पाण्याला न गळणारा सांधा गरम पाण्याला गळू शकतो. आतून पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावायची आणि रात्रभर झाकून ठेवायचं. पाणी गार होताना पातळी काही मिलिमीटर उतरते तेवढी सोडून द्यायची, पण त्याहून खाली गेली आणि बाहेर जमीन कोरडी असली तर पाणी भिंतीत गेलं.

कुठला धातू वापरायचा यावर पण थोडं. गॅल्व्हनाइज्ड काही वापरू नका, मॅश आम्लधर्मी असतो, पीएच ५.२ ते ५.६ च्या घरात, त्यात जस्त सुटतं. पितळेचे नट चालतात पण कित्येक पितळी वस्तूंच्या पृष्ठभागावर शिसं असतं, ते काढायला दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड यात थोडा वेळ बुडवून धुतात. मी तो नाद सोडला आणि सगळं स्टीलचं घेतलं. नळी सुद्धा फूड-ग्रेड सिलिकॉनची, साधी पारदर्शक नळी गरम वर्टने लिबलिबीत होऊन दुमडते आणि प्रवाह बंद पडतो.

आता गाळणी. दाण्याची फोलपटंच खरं तर गाळायचं काम करतात, खाली जे काही बसवायचं ते फक्त फोलपटांना अडवण्यापुरतं. मी सोपा मार्ग घेतला, पाण्याच्या जोडणीला जो स्टीलच्या जाळीचा वेणीदार पाइप मिळतो तो घेतला, दोन्ही टोकं कापून आतली रबरी नळी ओढून काढली, उरलेली जाळी एका टोकाला घडी घालून बंद केली आणि दुसरं टोक क्लॅम्पने निपलला लावलं. वीस मिनिटांचं काम. त्या पहिल्याच मॅशला ती दगा देऊन गेली, पण आधी तापमानाचं सांगते कारण ते आधी झालं.

दाण्यात टाकायच्या पाण्याचं, म्हणजे आमच्या भाषेत आदणाचं, तापमान काढायचं सूत्र आहे. हवं ते मॅशचं तापमान वजा दाण्याचं तापमान, गुणिले ०.४१, भागिले किलोमागे लिटर, आणि त्यात हवं ते तापमान मिळवायचं. दाणा २५ वर, मॅश हवा ६७ ला, म्हणजे ४२ चा फरक, गुणिले ०.४१, भागिले २.७, आले ६.४, तर पाणी ७३.४ पाहिजे. मी अगदी ७३.४ ला पाणी ओतलं, वरून माल्ट सोडत ढवळलं, गुठळ्या फोडल्या, थर्मामीटर घातलं तर ६३. सूत्रात चूक नव्हती, पण त्याला बॉक्स माहीत नाही. थंड बॉक्सच्या भिंतींनी चार अंश स्वतःच घेतले. उकळतं पाणी घालून सावरायचा प्रयत्न केला, हिशोबाने जवळजवळ दोन लिटर लागत होतं आणि माझ्याकडे तयार होतं जेमतेम एक. बाकीचं उकळेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तोवर बीटाने आपलं काम उरकलेलं. ती बिअर कोरडी आणि पातळ झाली, वाईट नाही पण मला हवी तशी नाही.

आता मी आदण पाच-सहा अंश जास्त गरम करते, रिकाम्या बॉक्सात ओतते, झाकण लावून दहा मिनिटं विसरून जाते. बॉक्सला जेवढी उष्णता प्यायची तेवढी तो पितो. मग झाकण उघडून ढवळत बरोबर ७३.४ पर्यंत उतरू देते आणि तेव्हाच दाणा. काही जण आधी वेगळं गरम पाणी घालून बॉक्स तापवतात आणि ते ओतून टाकतात, तेही चालतं, पण माझ्या पद्धतीत पाणी वाया जात नाही आणि अंदाज चुकत नाही. खळखळ उकळतं पाणी मात्र रिकाम्या बॉक्सात ओतू नका, आतलं प्लास्टिक मऊ पडून फुगवटे येतात, माझ्या छोट्या बॉक्सात एक आहे. आणि थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात तपासून घ्या, माझं शून्याला २ दाखवत होतं.

तर जाळी. पहिल्या मॅशला तासाने नळ उघडला, पूर्ण उघडला, घाई होती. अर्धा मिनिट जोरात धार आली आणि मग बारीक होत होत बंद. पूर्ण नळ उघडल्यामुळे ओढ इतकी बसली की सगळा दाणा तळाशी घट्ट दाबला गेला आणि मऊ जाळी त्याच्या वजनाखाली चपटी झाली. नळ बंद केला, नळीचं टोक उंच धरून त्यात फनेल लावून उलट्या बाजूने तीन लिटर गरम पाणी खालून वर सोडलं, दाणा थोडा उचलला गेला, हलक्या हाताने ढवळला, दहा मिनिटं बसू दिला आणि नळ अगदी किंचित उघडला. चालू झालं. त्या दिवशी २० लिटरला ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, १.०४४ आली (१ च्या वरचा भाग साखरेचा). ५ किलो माल्टमधून सगळीच्या सगळी साखर निघाली असती तर १.०७५ च्या जवळ जायला हवी होती, म्हणजे माझ्या हाती ५९ टक्के लागले.

जाळीच्या आत स्टीलच्या तारेची स्प्रिंग घातली की ती चपटी होत नाही, हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे. पण माझं मन उडालं होतं म्हणून तांब्याचा मॅनिफोल्ड, म्हणजे चिरा पाडलेल्या पाइपांची चौकट, केला, आणि तो करताना मला फार मजा आली. अर्धा इंची तांब्याचा पाइप, बॉक्सच्या तळात बसेल असा आयत, मधे एक आडवा, कोपऱ्यात एल्बो, जोडायला टी. पाइपना हॅक्सॉने दर सव्वा सेंटिमीटरला अर्ध्या जाडीपर्यंत चिरा पाडल्या, सत्तर-ऐंशी झाल्या असतील, दोन ब्लेड संपले, मग आतून-बाहेरून पॉलिश पेपरने कड घासली. चिरा खालच्या बाजूला करून ठेवायच्या. सांधे झाळलेले नाहीत, नुसते दाबून बसवलेत, म्हणजे सगळं सुटं करून धुता येतं. फक्त नळाला जोडणारा सांधा घट्ट हवा, कारण नळाचं भोक तळापासून जरा वर असतं आणि खालचं पाणी सायफनने चढतं, तिथे हवा शिरली की सायफन तुटतो. साध्या पाण्याने मोजलं तर आधी तळाशी सव्वा लिटर उरत होतं, मॅनिफोल्डनंतर पाव लिटरच्या जरा वर. गोड वर्टचा एक लिटर वाचला.

झाकणाकडे माझं लक्ष उशिरा गेलं. बॉक्सच्या भिंतीत फोम असतो पण बऱ्याच बॉक्सची झाकणं नुसती पोकळ असतात, वाजवून बघा, ढोलासारखा आवाज आला तर पोकळ. गरम हवा वरच जाणार आणि वर काहीच नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तीन बारीक भोकं पाडून फुगणारा फोम थोडा थोडा भरला, एकदम भरला असता तर झाकणाला पोट आलं असतं. भरण्याआधी ६७ चा मॅश तासाने ६४ ला यायचा, आता ६६ ला येतो. भोकं सिलिकॉनने बंद केली.

दुसऱ्या बॉक्सचं काम सोपं, त्यात गाळणी नाही, फक्त नळ. दाणा धुवायचं पाणी त्यात आधीच ८० अंशाला भरून ठेवते आणि शेगडी मोकळी राहते. ८० का, तर दाणा धुताना ७६-७७ च्या वर जाऊ नये, नाहीतर फोलपटातला तुरटपणा उतरतो, पण आत ६६ चा ओला दाणा आहे, ५ किलो माल्टने ५ लिटर पाणी धरून ठेवलेलं आहे, त्यात १७ लिटर ८० चं पडलं की मिळून बरोबर ७६ होतं. हे पहिल्यांदा थर्मामीटरवर जुळलेलं बघितलं तेव्हा मी एकटीच हसत होते. मी बॅच स्पार्ज करते, म्हणजे पहिला वर्ट पूर्ण काढायचा, सगळं पाणी एकदम घालायचं, ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि परत काढायचं. वरून सतत झारीसारखं पाणी सोडत राहण्याची जी पद्धत आहे तिच्यात थोडी जास्त साखर निघते, पण तळाची गाळणी अगदी सगळीकडे सारखी पसरलेली लागते, नाहीतर पाणी भिंतीच्या कडेने सोपी वाट धरतं आणि मधला दाणा न धुताच राहतो. आणि तासभर उभं राहावं लागतं.

मांडणी उतरती. पाण्याचा बॉक्स उंच टेबलावर, मॅशचा बॉक्स स्टुलावर, उकळायचं पातेलं जमिनीवरच्या शेगडीवर. पंप नाही, काही नाही. फक्त ते टेबल डुगडुगणारं नको, वर ८० अंशाचं १७ लिटर पाणी आहे हे डोक्यात ठेवा. मी बॉक्स रिकामाच वर चढवते आणि मग मगाने भरते, भरलेला बॉक्स उचलायचा नाही हा माझा पक्का नियम आहे.

तिसऱ्या मॅशचा दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. दाणा घातला, चार कोपऱ्यांत बघितलं, ६७, ६७, ६८, ६७. झाकण. ४५ मिनिटांनी एक चमचा वर्ट पांढऱ्या बशीत घेऊन त्यात आयोडिनचा थेंब टाकला, निळाकाळा झाला असता तर स्टार्च शिल्लक, तो तपकिरीच राहिला. तरी तास पूर्ण केला. नळ अगदी पाव उघडला, पहिले दोन-तीन लिटर गढूळ आणि भुशाचे कण असलेले, ते हलकेच परत वरून ओतले, आणि मग एका क्षणी नळीतली धार स्वच्छ झाली, मधासारखी, पलीकडचं दिसेल इतकी. ८ लिटर दहा मिनिटांत, मग स्पार्जचे १७, मिळून २५. तासभर उकळून यीस्टकडे २० गेले आणि ग्रॅव्हिटी १.०५४. म्हणजे ७२ टक्के. ५९ वरून ७२ वर यायला मी भरड सुद्धा थोडी बारीक केली होती, चक्कीच्या रोलरमधलं अंतर एक मिलिमीटरवर आणलं, त्याहून बारीक केलं तर फोलपटं तुटतात आणि मॅश परत अडकेल, त्यामुळे तिथेच थांबले. फरकात भरडीचा वाटा किती आणि मॅनिफोल्डचा किती हे वेगळं काढता येणार नाही कारण मी दोन्ही एकदम बदललं, पुढच्या वेळी एकेक करून बदला.

आवरण्याचं काम कंटाळवाणं आहे पण भिंतीतल्या त्या आंबट वासानंतर मी ते टाळत नाही. चोथा गरम असतानाच काढते, गार झाला की तो चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. मॅनिफोल्ड सुटा करून प्रत्येक तुकड्यातून पाणी सोडते. बॉक्स उपडा, झाकण उघडं, नळही उघडा ठेवून वाळवते. आणि मागच्या महिन्यात पहिल्यांदा बॉल व्हॉल्व्ह पूर्ण खोलला, बाहेरून इतका स्वच्छ दिसायचा, पण आतल्या गोळ्याच्या मागे वर्टचा तपकिरी थर जमून बसला होता, बोटाला चिकटणारा. आता दर तिसऱ्या बॅचनंतर तोही पाना घेऊन खोलते.